नवमीच्या चंद्रावरची रेघ

तापलेल्या गच्चीवर पाणी पडलं की जो आवाज होतो, तो माझ्या लेखी नानांचा आवाज आहे. आधी एक लांब चर्र, मग ओल्या सिमेंटचा वास, मग जिन्यावरून खाली उतरणारी कोमट वाफ, आणि त्या वाफेमागून रिकाम्या बादलीची कडी खडखडवत येणारी त्यांची पावलं. जळगावचं ऊन पश्चिमेला कलंडलं तरी गच्ची ते पोटाशी धरून बसते, सहजासहजी सोडत नाही. शुद्ध सप्तमीपासून दशमीपर्यंत, संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमाराला, आमच्या घरात हा आवाज ठरलेला असायचा. महिन्याचे उरलेले दिवस चंद्र त्यांच्या फारसा कामाचा नसे.

मी त्यांची सून. तो आवाज कानावर आला की माझं डोकं तापायचं, हे मी लपवत नाही. आमच्या कॉलनीत नळाला तीन दिवसांआड पाणी येतं. मी पहाटे उठून टाकी, पिंप, हंडे, पातेली, मिळेल ते भांडं भरून ठेवायची, आणि हा माणूस त्यातल्या तीन बादल्या बिनदिक्कत वर नेऊन ओतायचा. एकदा न राहवून मी विचारलं, "नाना, चंद्राला आंघोळ घालताय का?" ते बादली खाली ठेवून म्हणाले, "गच्ची तपेल शे, माधुरी. चांद हालस." गच्चीतून निघणारी गरम हवा दुर्बिणीपुढून वर चढते आणि तिच्यात चंद्र थरथरतो, उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा. गच्ची निवली की तो स्थिर होतो. हे सगळं त्यांनी मला फार शांतपणे समजावलं असतं तर कदाचित मला पटलंही असतं. पण ते शांतपणे काहीच सांगत नसत, आणि मीही शांतपणे काही ऐकून घेणाऱ्यातली नाही.

नाना मूळचे शिंदखेड्याकडचे. वरणगावला फॅक्टरीत टर्नर म्हणून त्यांनी उभी हयात लोखंड गोल कातणाऱ्या लेथपुढे काढली. निवृत्त झाले, जळगावात घर बांधलं, पण बोली त्यांनी शेवटपर्यंत बदलली नाही आणि स्वभावही नाही. सूतभर चूक त्यांना खपत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं लागलं तर ते जेवणावरून उठत. गवंड्यानं जिन्याची एक पायरी अर्धं बोट उंच केली होती, तर त्या पायरीवर पाय ठेवताना ते रोज, न चुकता, त्या गवंड्याला एक शिवी देत. भाकरी एका अंगाला जाड झाली की माझ्याकडे न बघता ती ताटात फिरवून ठेवत. शब्द नाही, नुसतं फिरवणं. त्या फिरवण्याची मला जेवढी चीड यायची तेवढी त्यांच्या ओरडण्याचीही येत नसे.

त्यांच्या निवृत्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी या घरात लग्न होऊन आले, आणि या घराचा मला ऐकू आलेला पहिला आवाज काचेवर काच घासल्याचा होता. अंगणात एक वाळूनं भरलेलं लोखंडी पिंप, त्यावर एक जाड गोल काच, तिच्यावर ओली पूड, आणि वर दुसरी तशीच काच. नाना दोन्ही तळहात काचेवर टेकवून ती पुढे ढकलत, मागे ओढत, आणि दर थोड्या वेळानं पिंपाभोवती एक पाऊल सरकत. घर्र घर्र, पाऊल. घर्र घर्र, पाऊल. पौषातली कोवळी उन्हं, शेजारच्या अंगणात भरतासाठी भाजलेल्या वांग्यांचा धूर, दूरच्या डाळमिलची पिवळट धूळ, आणि त्या सगळ्यातून अखंड चालणारी ती प्रदक्षिणा. मला वाटलं, म्हाताऱ्याला वेड लागलंय आणि घरच्यांनी लग्नाआधी ते आपल्यापासून लपवलंय. होळी आली तेव्हा त्या काचेला मधोमध एक खोली आली होती, इतकी उथळ की डोळ्याला ती कळत नव्हती. नानांच्या तळहाताला मात्र ती कळत असे. मग ती काच मुंबईला गेली, ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा चढवून परत आली, आणि पाण्याच्या पाइपाच्या एका पुरुषभर उंच तुकड्याच्या तळाशी जाऊन बसली. स्टँड पलीकडच्या गल्लीतल्या रफिकभाईंनी वेल्डिंग करून दिला. रफिकभाई नानांचा एकुलता एक मित्र, म्हणजे ज्यानं नानांच्या शिव्या खाऊनही येणं थांबवलं नाही असा एकमेव माणूस.

त्या दुर्बिणीला एक जुना कॅमेरा जोडून नाना चंद्राचे फोटो काढत. विवरांना पुस्तकात मोठमोठी नावं आहेत. नानांनी ती कधी घेतली नाहीत. एका काळ्या सपाट तळाच्या विवराला ते तवा म्हणत. एकाखाली एक ओळीनं बसलेल्या तिघांना रांजण. ज्या एका प्रचंड विवरात लहान लहान विवरं सांडलीत त्याला घमेलं. मैदानांना जगभर समुद्र म्हणतात याची ते टर उडवत, कारण तिथं पाण्याचा थेंब नाही आणि पाणी नसलेल्या ठिकाणाला समुद्र म्हणायला ते काय जळगावचे पुढारी होते? लॅपटॉपवर फोटो उघडून ते त्या विवरांच्या कडांवरून एक बोट फिरवत. लेथवरून नुकत्याच उतरवलेल्या कामाची धार तपासावी तसं ते फिरवणं होतं. त्या वेळी त्यांच्या कपाळावरची आठी जाई. मी त्यांना हसताना फार कमी पाहिलं, पण आठी गेलेली तेवढ्याच वेळी पाहिली.

कोजागिरीला कॉलनीतले लोक आमच्या गच्चीवर येत. मसाला दुधाचे पेले हातात, रांग जिन्यापर्यंत, आणि प्रत्येकाला खड्डे बघायचे. पौर्णिमेच्या चंद्रावर खड्डे दिसत नाहीत, कारण ऊन समोरून पडतं आणि सावलीच उरत नाही. नाना दरवर्षी तेच सांगत, दरवर्षी आवाज चढत जाई. "पुनवले चांद कोरा ऱ्हास! सावलीच नही, मंग खड्डा कथाईन दिखी? अष्टमीले या, नवमीले या!" लोक हसून दूध पीत. दुर्बिणीत डोकावून म्हणत, नाना, नुसता ट्यूबलाइट दिसतोय हो. अष्टमीला कोणी येत नसे, नवमीलाही नाही. एका कोजागिरीला ते अर्ध्या रांगेसमोर दुर्बिणीवर झाकण टाकून खाली निघून आले आणि मला चारचौघांत तोंड लपवायला जागा उरली नाही. त्या लोकांचा मला आज संताप येतो. पण त्या रात्री माझा संताप त्यांच्यावर नव्हता, नानांवर होता, आणि तो हिशेब आता कुठेही चुकता करता येत नाही.

नवमीला काय असतं, ते मला फार उशिरा कळलं. तीन रांजणांच्या जवळ, ढगांचा समुद्र नावाच्या मैदानाच्या काठाशी, एक रेघ आहे. खरं तर तो एक मंद उतार आहे, कोसच्या कोस लांब. पण नवमीच्या सुमाराला ऊन तिथं अगदी तिरपं पोचतं आणि त्या उताराची सावली काळीभोर, सुरीनं ओढल्यासारखी सरळ पडते. महिन्यातून एकदा, आणि तीही आपल्या संध्याकाळी पडेलच असं नाही. कधी ऊन तिथवर पोचलेलं नसतं, कधी पोचून पुढे सरकलेलं असतं, कधी ढग, कधी चैत्र-वैशाखातली उकळती हवा. नानांकडे चंद्राचे शेकड्यांनी फोटो होते आणि ही रेघ एकाही फोटोत धड उमटलेली नव्हती. "जलमभर मी गोलच काम करं," ते एकदा म्हणाले. "चांदवर बी बठ्ठं गोल शे. एक हाई रेघच सरळ शे." मग, जणू दुसऱ्या कारागिराची तारीफ करताना जीभ जड व्हावी तसं, "देवनी लेथवर काढेल शे."

मग एका वर्षी भाद्रपदात डॉक्टरांनी सांगितलं की नानांना काचबिंदू आहे. डावा डोळा गेल्यातच जमा होता, उजव्याची कडेकडेनं दिसण्याची जागा आकसत चालली होती, आणि गेलेली नजर परत येत नाही. नानांनी औषधाचे थेंब खिशात टाकले, घरी आले, कॅलेंडरसमोर अगदी नाक टेकवून उभे राहिले आणि आश्विन शुद्ध नवमीभोवती लाल पेनानं एक गोल काढला. पाऊस संपून धुतलेलं आकाश, निवलेली हवा, तिन्हीसांजेला दक्षिणेत वर आलेला चंद्र, आणि त्यांनी मांडलेल्या गणिताप्रमाणे ती रेघ नेमकी त्याच संध्याकाळी. पुढच्या वर्षी त्यांना दिसेल की नाही, याची खात्री कोणालाच नव्हती. घरात सगळ्यांना त्या गोलाचा अर्थ ठाऊक होता, मलासुद्धा.

आश्विन शुद्ध नवमी म्हणजे खंडेनवमी. हत्यारांची पूजा. नानांच्या फॅक्टरीतली लेथ त्या दिवशी झेंडूनं मढायची, असं सासूबाई सांगत. त्या गेल्यानंतर हा मान माझ्याकडे आला होता. दुपारी नाना डोळे तपासायला दवाखान्यात गेले होते. मी चिंच लावून पितळी समया घासल्या. कोयता, विळी, शिवणयंत्र, स्कूटर, नानांचं व्हर्नियर, मायक्रोमीटर, सगळं पाटावर आणि पाटाभोवती मांडलं. आणि मग माझ्या मनात आलं की इतक्या वर्षांत आपण या दुर्बिणीला एक फूल वाहिलं नाही. आज त्यांचा दिवस आहे. आज तरी.

मी मायेनं केलं, हे लिहिताना मला माझीच शिसारी येते, पण केलं मायेनंच. पाइपाच्या बुडाचे तीन स्क्रू मोकळे केले, आरसा बाहेर काढला. त्याच्यावर धूळ होती, एका कडेला पावसाळ्यातला डाग होता. धूळ बसलेल्या देवाला कुंकू कसं लावायचं? हातात समया घासलेलं फडकं होतं, चिंचेच्या कोळात भिजलेलं. मी त्या फडक्यानं आरसा पुसला. नीट, जोर लावून, कडेपासून मध्यापर्यंत, तवा घासावा तसा. मग मधोमध कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचं फूल ठेवलं, ओवाळलं. उचलून परत बसवताना मला दिसलं की आरशातून पलीकडचं फूल दिसतंय. जिथं मी जास्त जोर लावला होता तिथं मुलामा निघून नुसती काच उरली होती, आणि उरलेल्या भागावर ओरखडेच ओरखडे. चिंचेनं ॲल्युमिनियम खाल्लं होतं. एका अख्ख्या हिवाळ्याच्या प्रदक्षिणा मी पाच मिनिटांत पुसून टाकल्या होत्या. मी घाबरून आरसा तसाच आत ढकलला, स्क्रू आवळले आणि कोणाला काही बोलले नाही.

नाना आले. पाच वाजता पाण्याचा चर्र आवाज झाला. एक बादली, दुसरी, तिसरी. त्या दिवशी पहिल्यांदा ते पाणी मीच जिन्याच्या तोंडापर्यंत नेऊन दिलं, आणि त्यांनी माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं. रफिकभाई चहाला म्हणून आले होते, तेही वर आले. आकाश अजून निळं होतं. आग्नेयेला पांढरा, अर्ध्याहून किंचित भरलेला चंद्र, स्वच्छ, इतका स्थिर की मलाही कळावं. असा चंद्र मी त्याआधी पाहिला नव्हता. नानांनी झाकण काढलं, नेहमीप्रमाणे आत टॉर्च मारली, आणि टॉर्च तशीच धरून उभे राहिले.

"कोनी करं हाई?"

"मी," मी म्हणाले. "पूजा केली, नाना. खंडेनवमी होती म्हणून..."

मी वाट पाहिली. ज्या माणसानं अर्ध्या बोटाच्या चुकीसाठी एका गवंड्याला आयुष्यभर शिव्या दिल्या, तो आता काय करील या भीतीनं माझे कान आधीच बधिर झाले होते. नाना वाकले. आरसा बाहेर काढून त्यांनी उरलेल्या उजव्या डोळ्याजवळ धरला. त्यात त्यांचं तोंड मोठं होऊन दिसत असणार, कुंकवाच्या रेघांमागे. अंगठ्यानं त्यांनी उघडी पडलेली काच चाचपली. मी म्हटलं, मी पुसून देते ते कुंकू. ते म्हणाले, "राहू दे. पूजा शे ती." आणि तो आरसा तसाच, कुंकवासकट, परत बसवला. तिन्ही स्क्रू एक एक वळण फिरवत, डोळ्यापेक्षा बोटांच्या भरवशावर, त्यांनी पुन्हा जुळवले.

त्यांनी फोटो काढले. आभाळ निळ्याचं जांभळं झालं, कॉलनीत दिवे लागले, चंद्र उजळत गेला. लॅपटॉपवर चित्र उघडलं तेव्हा तो चंद्र धुरात ठेवल्यासारखा दिसत होता, पांढुरका, कडा विरघळलेल्या. नाना पडद्याजवळ गेले, डोकं डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. मग मागे सरकून मला म्हणाले, "माधुरी, रेघ दिखस का?"

मी पाहिलं. मला धुकं दिसत होतं. रांजण कुठले, समुद्र कुठला, काहीच उमगत नव्हतं, कारण इतक्या वर्षांत मी एकदाही नीट बघितलंच नव्हतं. एवढं ऐकून ठाऊक होतं की ती रेघ चंद्राच्या खालच्या अर्ध्या भागात आहे.

"दिसते, नाना," मी म्हणाले. "अगदी सरळ आहे."

"कोठे? बोट ठेव."

मी पडद्यावर बोट ठेवलं. खालच्या अर्ध्यात, जिथं एक करडी छटा होती तिथं. नानांनी आपलं बोट माझ्या बोटाशेजारी आणून टेकवलं, जरा वेळ तसंच ठेवलं. मग म्हणाले, "बरं." लॅपटॉप मिटला. बादल्या उचलल्या आणि खाली गेले, त्या उंच पायरीवरूनही काही न बोलता.

रफिकभाई माझ्याजवळ आले. "नाना चिल्लाए नहीं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. मी मान हलवली. "तो फिर भाभी, बहोत लगा है उनको."

दसऱ्यानंतर मी म्हटलं, आरसा मुंबईला पाठवू, पुन्हा मुलामा चढवून आणू. नाना म्हणाले, "आते कसाले?" पुढची खंडेनवमी आली तेव्हा ते दारातला माणूस आवाजावरून ओळखत होते. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. शेवटच्या वर्षात त्यांनी भाकरी ताटात फिरवणं सोडून दिलं होतं. मी मुद्दाम एक-दोनदा जाड केली. त्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

ते गेल्यावर मी आरसा पाठवला. तो परत आला तेव्हा नवाकोरा होता, माझ्या हातून झालेल्या गोष्टीची एक खूणही त्याच्यावर नव्हती, आणि याचाही मला राग आला. दुर्बीण जुळवायला रफिकभाईंच्या मदतीनं मी दोन वर्षं शिकले. यंदाच्या खंडेनवमीला पाच वाजता मी तीन बादल्या गच्चीवर ओतल्या. चर्र आवाज झाला, वाफ जिन्यावरून उतरली, आणि तिच्यामागून कोणी आलं नाही. फोटो काढला, लॅपटॉप उघडला. तवा दिसला, घमेलं दिसलं, तिन्ही रांजण दिसले. आणि ती रेघ. तांदळाच्या दाण्याएवढी, काळी, गुण्यात बसवल्यासारखी सरळ. पडद्याच्या वरच्या अर्ध्यात होती. या दुर्बिणीत चंद्र उलटा दिसतो. खालचं वर, डावं उजवीकडे. हे शिकायला मला दोन वर्षं लागली. नानांना ते त्या संध्याकाळीही ठाऊक होतं. माझं बोट पडद्यावर टेकलं त्या क्षणी, नजर अधू असतानाही, त्यांना कळलं होतं की मी रेघ पाहिलेली नाही.

मला त्यांचा भयंकर राग येतो. सगळ्या जगाची सूतभर चूक तुम्ही जगापुढे मांडलीत, नाना, आणि माझी एवढी मोठी चूक आणि त्याहून मोठं खोटं एका शब्दात गिळून टाकलंत. मला माफी नको होती. मला शिवी हवी होती, त्या गवंड्याला रोज मिळायची तशी, म्हणजे मीही तुमच्या हिशेबात धरण्याजोगी कारागीर ठरले असते.

गच्ची निवली होती, चंद्र जराही हलत नव्हता. मी पडद्यावर त्या रेघेवर बोट ठेवलं, यावेळी नेमकं, आणि ते तसंच ठेवून जिन्याकडे कान लावून बसले. गेलेल्या माणसाचा आवाज हळूहळू विसरायला होतो म्हणतात. मी नानांची सगळी ओरड विसरत चालले आहे, फक्त ते एक "बरं" दर वर्षी, याच तिथीला, आदल्या वर्षीपेक्षा स्पष्ट ऐकू येतं.